युद्ध संपेपर्यंत लोकशाही चाळीत कशी ठेवावी

कांदा चाळीत, म्हणजे हवेशीर साठवणीच्या कोठारात, कसा साठवायचा हे नाशिककराला शिकवायला नको. लोकशाही कशी साठवायची याचा स्टॉल मात्र अजून एकाही कृषी प्रदर्शनात लागलेला नाही, म्हणून ही माहिती. सीमेवर पहिला गोळा पडला की दुसऱ्या दिवशी सकाळीच कामाला लागा. उशीर केलात तर लोक प्रश्न विचारू लागतात आणि मग माल चाळीत भरणं जड जातं.

आधी जागा बघा. गंगापूर रोडवरची एखादी मिसळ, रविवार, सकाळचे नऊ. इथून युद्ध फार छान दिसतं. पहिल्या रश्श्याला लाहोर, दुसऱ्याला इस्लामाबाद, दह्याबरोबर संसद बरखास्त, असा क्रम ठेवा. जम्मू-काश्मीरच्या सीमेवरच्या पूंछसारखी जागा या कामाला निरुपयोगी. २०२५ च्या मे महिन्यात तिथे पाकिस्तानचे गोळे घरांवर पडले आणि तिथली माणसं आपल्याच सरकारला विचारायला लागली की आमचे बंकर कुठे आहेत. एवढ्या जवळून युद्ध पाहिलं की माणसाची दृष्टी अशी बिघडते.

जवळपास देवळालीहून आलेला कुणी तोफखान्यातला निवृत्त सुभेदार बसला असेल, तर टेबल बदला. तो दारूगोळा किती दिवसांचा आणि जखमींना मागे आणायची सोय काय असं विचारेल, आणि लाहोर अर्ध्यावर राहील.

आता उकळी. मिसळीची तर्री वर येते तसा युद्धाच्या पहिल्या आठवड्यात नेत्यावरचा विश्वास वर येतो. अमेरिकेत सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांआधी धाकट्या बुश यांच्या कामावर ५१ टक्के लोक खूश होते, दोन आठवड्यांत ९० टक्के झाले. तर्री वर आहे तोवरच डाव घाला, म्हणजे जे कायदे एरवी सभागृहात अडकतात ते याच वेळी काढा. थंड झाली की ती खाली बसते. थोरल्या बुश यांना १९९१ च्या आखाती युद्धानंतर ८९ टक्के पसंती होती, आणि पुढच्याच वर्षी ते निवडणूक हरले.

उकळी टिकवायला आवाज लागतो. ७ मे २०२५ च्या नागरी संरक्षण सरावाच्या यादीत नाशिक, सिन्नर, मनमाड ही आपली नावं होती, त्यामुळे आपणही आघाडीवरच आहोत असं मनाशी पक्कं करून घ्या. पुढच्या रात्री काही वाहिन्यांनी कराची बंदर बेचिराख केलं. सकाळी बंदर होतं तिथेच होतं, पण रात्रीची झोप उडाली तो आनंद खराच ना! शेवटी १० मे रोजी सरकारलाच वाहिन्यांना सांगावं लागलं की कार्यक्रमांत हवाई हल्ल्याचा भोंगा वाजवू नका, लोकांना खऱ्या भोंग्याचं गांभीर्य उरणार नाही. सरकारने असा रसभंग करायला नको होता.

इथवर सगळं सोपं आहे. माल बिघडतो तो पुढे. ज्यांच्या अंगावर युद्ध प्रत्यक्ष येतं ते लोक लोकशाहीला विटतील असा आपला हिशेब असतो, आणि तो वारंवार चुकतो. उत्तर युगांडात लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी या बंडखोर टोळीने पळवून नेलेली मुलं परत आली. त्यांनी घराचं दार लावून बसायला हवं होतं. क्रिस्टोफर ब्लॅटमन यांनी २००९ मध्ये मांडलेल्या अभ्यासात दिसतं ते उलटंच: न पळवलेल्या मुलांपेक्षा त्यांनी मतदान करण्याची शक्यता सुमारे २७ टक्क्यांनी जास्त. सिएरा लिओनमध्ये ज्या घरांनी यादवीत जास्त सोसलं, तीच माणसं गावच्या बैठकांना जास्त येऊ लागली. कारण सरळ आहे. पाणी कुणी आणलं, पोत्यातून धान्य कुणी काढलं, कोण आधी पळालं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. अशा माणसाला भाषण पुरत नाही, तो हिशेब मागतो.

युक्रेनवाल्यांनी तर कहर केला. फेब्रुवारी २०२२ पासून तिथे मार्शल लॉ आहे, जमावबंदी आहे, निवडणुका नाहीत. अध्यक्षांची पाच वर्षं २०२४ च्या मे महिन्यात भरली, तरी लढाई चालू असताना मतदान नको असंच बहुसंख्य लोक सांगतात. चाळ भरायला याहून चांगला हंगाम कुठला? पण २२ जुलै २०२५ ला भ्रष्टाचारविरोधी संस्थांचं स्वातंत्र्य काढून घेणारा कायदा झाला, आणि वरून ड्रोन येत असताना पोरं खोक्यांच्या पुठ्ठ्यावर घोषणा लिहून कीव्हच्या रस्त्यावर उतरली. ३१ जुलैला कायदा फिरवावा लागला. निवडणूक पुढे ढकलणं वेगळं आणि जाब विचारणं सोडून देणं वेगळं, असला बारीक फरक ते करतात. आपल्याकडे एवढा बारीक चिरत नाहीत, हे आपलं भाग्य.

निराश मात्र होऊ नका, प्रत्येक गाव असं नसतं. इस्रायलमध्ये मतदानाआधीच्या तीन महिन्यांत दहशतवादी हल्ला झालेल्या गावांत उजव्या पक्षांची मतं सुमारे १.३५ टक्क्यांनी वाढलेली आढळली. युद्धाने माणसं एकमेकांना धरून राहतात ती बहुधा आपापल्या गोटातच. तेव्हा गोट आखून घ्या, आणि कोण आतला, कोण बाहेरचा, हे ठरवायचं काम स्वतःकडे ठेवा.

प्रश्न कसा विचारायचा, यातही कसब आहे. ‘लोकशाही हवी का?’ असं विचारलं तर सगळे हो म्हणतात आणि तुमचं काम बिनसतं. ‘संसद-न्यायालयांच्या आडकाठीशिवाय निर्णय घेणारा खंबीर नेता चालेल का?’ असं विचारा. २०१७ मध्ये प्यू या संस्थेने साधारण असंच विचारलं तेव्हा ५५ टक्के भारतीयांनी चालेल म्हटलं, लष्करी राजवटही ५३ टक्क्यांना चालणार होती. लोकप्रतिनिधींची राजवट चांगली म्हणणारे भरपूर होते ते वेगळेच. एकाच माणसाला दोन्ही चालतं. उपवासाला साबुदाण्याची खिचडीही आणि भगरही, तसं.

साठवण किती दिवस? उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने धरतो, मग सड आणि कोंब. लोकशाहीचा कालावधी जास्त आहे. चीनशी युद्ध २० ऑक्टोबर १९६२ ला सुरू झालं आणि महिनाभरात थांबलं. त्यासाठी लावलेली आणीबाणी उठली जानेवारी १९६८ मध्ये. १९७१ चं युद्ध दोन आठवड्यांत आटोपलं, आणीबाणी मार्च १९७७ पर्यंत राहिली. मधेच, २५ जून १९७५ ला, तिच्यावर आणखी एक रचली. ढीग पाच फुटांवर नेऊ नये, खालचा माल दबतो, हा नियम कांद्याला आहे. आणीबाणीला नाही.

यात नाशिकची कामगिरी अभिमानाची. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, आणि १९६३ मध्ये आपण त्यांना लोकसभेवर बिनविरोध पाठवलं. शाई नाही, रांग नाही, बोट स्वच्छ. त्याच वर्षी त्याच आणीबाणीत अमरोहा, फर्रुखाबाद आणि राजकोट इथले मतदार मात्र रांगा लावून बसले आणि त्यांनी कृपलानी, लोहिया, मसानी असे तीन विरोधक दिल्लीला धाडले. कृपलानींनी ऑगस्टमध्ये नेहरू सरकारवर देशातला पहिला अविश्वास ठराव आणला. तो ३४७ विरुद्ध ६२ असा पडला, पण चार दिवस पंतप्रधानांना युद्धावरची बोलणी ऐकून घ्यावी लागली. हरलेल्या युद्धाची चर्चा भर सभागृहात! चाळीच्या तळाला हवेसाठी फट ठेवली की असं होतं, म्हणून ती लिंपून घ्या.

कागदपत्रांचंही बघा. कारगिलनंतर समिती बसली, तिचा अहवाल काही भाग गाळून २००० मध्ये संसदेत आला आणि लोकांनी वाचला. ही झाली चूक. १९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल १९६३ मध्ये सादर झाला आणि सरकारने तो अजून खुला केलेला नाही. साठवण म्हणतात ती याला, साठ वर्षं उलटली तरी कोंब नाही.

एक धोका राहिलाच. युद्ध हरू नका. एप्रिल १९८२ मध्ये अर्जेंटिनाने ब्रिटनकडून फॉकलंड बेटं घेतली तेव्हा ब्युनोस आयर्सच्या चौकात लोकांनी लष्करशहा जनरल गाल्तिएरींचा जयजयकार केला. जूनमध्ये शरणागती पत्करली आणि चार दिवसांत जनरल पायउतार झाले. पुढच्या वर्षी निवडणुका. जिंकूनही भरवसा नाही म्हणा. चर्चिल यांना ब्रिटिशांनी जुलै १९४५ मध्येच घरी बसवलं, जर्मनी हरून तीन महिनेही झाले नव्हते. पाच वर्षं पुढे ढकललेली निवडणूक लोक विसरले नव्हते.

एव्हाना मिसळ संपत आली असेल. लाहोर घेतलंय, आता बिल मागवा. नीट वाचा. ताटाबरोबर दोनच पाव येतात, तिसऱ्याचे पैसे वेगळे लावलेत का ते बघा, आणि लावले असतील तर मालकाला बोलवा.