जॉर्ज ड्युरँड, चिखलाचा महापूर आणि दीड विटेची भिंत

कॅनडातल्या लंडनला, म्हणजे ओंटारिओतल्या लंडनला, शिकायला गेलेल्या भाच्याने घरच्या ग्रुपवर एक रील टाकलं आणि खाली विचारलं, "मावशी, हे खरं असेल का?" मी उत्तर लिहीपर्यंत दोन काकांनी "सत्य लपवलं जातं" म्हणून ते पुढे ढकललंही होतं. म्हणून हे जरा सविस्तर.

रील म्हणतं ते थोडक्यात असं. पेट्रोलियाचा टाउन हॉल, स्ट्रॅटफर्डचं कोर्ट, टोरांटोचं जुनं अप्पर कॅनडा कॉलेज या महालासारख्या इमारती म्हणे जॉर्ज ड्युरँड नावाच्या एका माणसाने आखल्या. त्याच्याकडे डिग्री नव्हती, तो एका आडगावी राहत होता आणि एकोणचाळिसाव्या वर्षी वारला. तेव्हा यंत्रं नव्हती, गावं चिमुकली होती आणि तरीही इमारती दोन-दोन वर्षांत उभ्या राहिल्या. सबब त्या 'टार्टारिया' नावाच्या लुप्त महासाम्राज्याच्या आहेत. ते साम्राज्य चिखलाच्या महापुरात बुडालं, पुरावा म्हणून जमिनीत अर्ध्या गाडलेल्या खिडक्या बघा. ड्युरँडसारखी नावं नंतर चिकटवली.

डिग्रीचं आधी. डिग्री नव्हती, हे कबूल. पण तेव्हा कॅनडात ती जवळजवळ कुणाकडेच नव्हती, कारण तिथे ती देणारं कोणी नव्हतं. टोरांटोत आर्किटेक्चरचं शिक्षण 1890 मध्ये सुरू झालं, मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात 1896 मध्ये. ओंटारिओच्या आर्किटेक्टांची संघटनाच मुळी 1889 ची, म्हणजे ड्युरँड वारला त्या वर्षीची. त्याआधी हा धंदा उमेदवारी करून शिकायचा. पोरगं एखाद्या ऑफिसात चिकटायचं आणि वर्षानुवर्षं दुसऱ्याची ड्रॉइंग ट्रेस करायचं. मग जिने नि खिडक्यांचे तपशील काढायचं, मग साइटवर जाऊन कंत्राटदाराशी हुज्जत घालायचं. ड्युरँड लंडनमध्येच 1850 साली जन्मला आणि तिथल्याच विल्यम रॉबिन्सनच्या हाताखाली तयार झाला. नंतर तो न्यूयॉर्क राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीला गेला. तिथे नवं विधानभवन बांधलं जात होतं आणि आर्किटेक्ट होता टॉमस फुलर, ओटावाच्या पार्लमेंटवाला. त्या कामाचा खर्च इतका फुगला की 1876 मध्ये फुलरलाच बाजूला केलं. त्यानंतर ड्युरँड गावी परतला. त्या काळी अमेरिकेत चाललेल्या सगळ्यात मोठ्या बांधकामांपैकी एकावर काम केलेला माणूस जिल्ह्याचं कोर्ट आखू शकत नाही, असं म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

आणि "एका माणसाने" हे तर धादांत खोटं. ते ऑफिस होतं. रॉबिन्सनने सुरू केलेलं, मग टॉमस ट्रेसी, मग ड्युरँड, त्याच्यामागे जॉन मूर, असं हातोहात चालत आलेलं. मोठं ड्रॉइंग साहेब आखायचा, जिन्याचा कठडा आणि दाराची चौकट सहायक काढायचे. एका शाळेची खिडकी जमली की तीच पुढच्या चर्चला. फी साधारण खर्चाच्या 5 टक्के, म्हणजे पोट भरायला कामं भरपूर घ्यावीच लागायची. लंडन तेव्हा वीस हजारांच्या आसपास वस्तीचं रेल्वे जंक्शन होतं, गाडी 1853 मध्येच पोचली होती. स्ट्रॅटफर्डची साइट बघून संध्याकाळी घरी येता यायचं.

पैसा कुठून आला? पेट्रोलियाबद्दल हा प्रश्न विचारणाऱ्याने निदान गावाचं नाव तरी वाचायचं. तिथे जमिनीतून तेल निघत होतं. इम्पीरियल ऑइल ही कंपनी 1880 मध्ये लंडनमध्ये स्थापन झाली आणि 1883 मध्ये तिचं मुख्य ऑफिस पेट्रोलियाला गेलं. वस्ती पाच हजारांच्या आत, पण खिसा भरलेला आणि शेजारच्या गावांना दाखवायची हौस दांडगी. टाउन हॉलच्या वरच्या मजल्यावर ऑपेरा हाउस बांधलं ते त्यातूनच.

आता "यंत्रांशिवाय दोन वर्षांत अशक्य". इथे थेट हिशेबच मांडू. तो कुठल्याही मुकादमाला तोंडपाठ असतो.

100 फूट बाय 60 फुटांची दुमजली इमारत धरा, भिंतीची उंची 40 फूट. घेर 320 फूट, म्हणजे भिंतीचं क्षेत्रफळ 12,800 चौरस फूट. दारं-खिडक्यांचा पाव भाग वजा करा, राहिले 9,600. भिंत दीड विटेची, सुमारे 13 इंच जाड. तिकडच्या आठ इंची विटेला या जाडीत दर चौरस फुटाला 21 विटा लागतात. एकूण दोन लाख विटा आणि वर थोड्या. आतल्या भिंती, धुराडी, बुरूज धरून दुप्पट करा, चार लाख. एक गवंडी, हाताखाली बिगारी असेल तर, सरळ भिंतीवर दिवसाला हजार विटा लावतो. दर्शनी कामात, कमानीत, कोपऱ्यात निम्म्याहून कमी. सरासरी 500 धरा आणि गवंडी दहा. चार लाखांना ऐंशी दिवस झाले. यात लुप्त साम्राज्य नेमकं कुठे बसवायचं?

मग दोन वर्षं का लागली? स्ट्रॅटफर्डचं कोर्ट 1885 ते 87 चाललं, कारण तिथे हिवाळा असतो. विटा जोडणारा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो. ओला असताना त्यातलं पाणी गोठलं की फुगतं आणि विटेची पकड सुटते. वसंतात बर्फ वितळलं की दर्जांतून, म्हणजे विटांमधल्या सांध्यांतून, चुना भुगा होऊन गळतो. म्हणून थंडी पडायच्या आत काम थांबवायचं, भिंतींच्या डोक्यावर गवत आणि फळ्या टाकायच्या आणि एप्रिलनंतर पुन्हा परांची बांधायची. मोसम चुकवून घाई करणाऱ्याची भिंत फुगायची आणि ती उतरवून परत बांधण्याचा खर्च कंत्राटदाराच्या बोकांडी. आर्किटेक्टचं सर्टिफिकेट मिळाल्याशिवाय हप्ता सुटत नसे आणि हप्त्यातलीही काही रक्कम काम पुरं होईपर्यंत राखून ठेवत.

यंत्रं नव्हती म्हणणं तर अडाणीपणाच. लाकूड रंधणाऱ्या, वाफेवर चालणाऱ्या गिरण्या होत्या. दारं-खिडक्या कारखान्यातून तयार यायच्या. साच्यात दाबलेल्या पत्र्याच्या कॉर्निसा (छपराखालच्या नक्षीच्या पट्ट्या) आणि टेराकोटाच्या फरश्या मागवता यायच्या. आडगावच्या आर्किटेक्टला दगडावर सिंह कोरायला कारागीर शोधावा लागत नव्हता, मागणी नोंदवावी लागत होती. वीट मात्र जवळपासचीच. त्या भागातल्या मातीत चुनखडी जास्त, म्हणून ती भाजल्यावर लाल न होता पिवळट पडते. नैर्ऋत्य ओंटारिओतली गावंच्या गावं त्या रंगाची आहेत. साम्राज्य जगभर पसरलेलं होतं तर त्याची वीट दर जिल्ह्याला रंग का बदलते, एवढं तरी रीलवाल्याने सांगावं.

चिखलाचा महापूर. हा मुद्दा सगळ्यात जास्त पसरतो आणि सगळ्यात हास्यास्पद आहे.

दावा असा, की तळघराच्या खिडक्या अर्ध्या जमिनीत आहेत, म्हणजे मूळ तळमजला गाडला गेला. आता त्या भागात हिवाळ्यात जमीन गोठते. आजही तिथे पाया साधारण 4 फूट खाली न्यावा लागतो, आणि हे हौसेने होत नाही. चिकणमातीत थंडी वरून उतरते तसं खालचं पाणी वर ओढलं जातं आणि त्याचे बर्फाचे पातळ थर साचत जातात. हे थर जमीन उचलतात. पाया उथळ असेल तर एक कोपरा वर येतो, दुसरा तिथेच राहतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग जाते. म्हणून सगळीकडून 4 फूट खणणं आलंच. एवढं खणल्यावर आणखी तीन-चार फूट खणलं की आख्खं तळघर मिळतं, भट्टीला, कोळशाला, बॉयलरला. जोतं जमिनीपासून तीन-चार फूट वर घेतलं की तळघराला उजेड देणारी बुटकी खिडकी बसते. जिथे खिडकी जमिनीखाली जाते तिथे तिच्यापुढे विटांचा खड्डा बांधतात, वर लोखंडी जाळी, तळाशी निचऱ्याची नळी. रीलमध्ये दाखवलेली 'गाडलेली खिडकी' नेमकी ही आहे. या खड्ड्यांचं दुखणंही ठरलेलं आहे. पानगळीत नळी तुंबते, बर्फ वितळल्यावर खड्डा भरतो आणि तळघराच्या भिंतीला ओल धरते. बस, चिखलाचा महापूर तो एवढाच.

भाच्याला खातरजमा करायची असेल तर एक सोपी खूण आहे. अशा एखाद्या इमारतीचं खोदकाम किंवा दुरुस्ती चालू असेल तेव्हा जमिनीखालची भिंत बघायची. वर दिसणारा दगड घडीव, कडा तासलेला, दर्जा भरलेल्या. जमिनीखाली वीतभर गेलं की तोच दगड अनघड, चुना बाहेर सांडलेला, कुणी पुसलेलासुद्धा नाही. जे मातीत जाणार त्यावर गवंड्याने छिन्नी का चालवावी? त्याला पैसे दर्शनी घडाईचे मिळतात. घडीव दगड जिथे संपतो, तीच बांधताना ठरवलेली जमिनीची पातळी. इमारत नंतर गाडली गेली असती तर घडीव काम, दारांच्या पायऱ्या, उंबरे खालपर्यंत गेले असते. तसं काही निघत नाही.

अर्धं सत्य एक आहे, तेही देऊन टाकते. काही शहरांत रस्त्यांची पातळी खरंच उंचावली. शिकागोत 1850-60 च्या दशकांत मोऱ्या घालण्यासाठी रस्ते वर घेतले आणि चालू इमारती जॅक लावून उचलल्या. पण ते नगरपालिकेचे ठराव करून, वर्तमानपत्रांत बातम्या येऊन, बिलं देऊन झालं. आपोआप वाहून आलेला चिखल टेंडर काढत नाही.

राहिलेले मुद्दे भराभर. मोठी दारं म्हणजे राक्षस राहत होते: मग पायऱ्या सात इंचांच्याच का? दारं नि छतं उंच कारण गॅसचे दिवे खोली तापवायचे, हवा कोंदायची आणि उंच खिडकीतून उजेड आत खोलवर जातो. बुरूज आणि कळस हवेतून 'मोफत वीज' ओढायचे: मग छपरावर एवढी धुराडी कशाला, कोळसा काय शोभेसाठी जाळत होते? जुन्या फोटोंत माणसं नाहीत: सुरुवातीच्या फोटोंना कॅमेऱ्याचं भिंग कित्येक सेकंद उघडं ठेवावं लागायचं, चालता माणूस त्यात उमटतच नाही. पुरावा मिटवायला आगी लावल्या: पेट्रोलियाचा टाउन हॉल जळाला जानेवारी 1989 मध्ये. टीव्हीच्या जमान्यात, आणि गावाने तो पुन्हा उभारला.

आणि "कागद कुठे आहेत?" हे ऐकून तर कपाळावर हात मारावासा वाटतो. भाचा ज्या वेस्टर्न युनिव्हर्सिटीत शिकतो, तिच्याच अभिलेखागारात या ऑफिसची ड्रॉइंग आहेत. रॉबिन्सन, ट्रेसी, ड्युरँड, मूर या सगळ्या पिढ्यांची, 'मर्फी मूर संग्रह' या नावाने. अशी ड्रॉइंग एकदा समोर घेतली की वाद संपतो. त्या काळच्या प्रथेप्रमाणे छेदात, म्हणजे इमारत उभी कापून दाखवणाऱ्या चित्रात, वीट गुलाबी रंगवतात, लाकूड पिवळं, लोखंड निळं. जमिनीची रेघ तळघराच्या खिडकीला कुठे छेदते तेही आखलेलं असतं. अशा ड्रॉइंगवरून कंत्राटदार काम करायचा, शिवाय हातात प्रत्येक धंद्याची अटींची वही: खोदाई, गवंडी, सुतार, गिलावा, पत्रा, रंग. टेंडरच्या जाहिराती गावच्या पेपरात छापून यायच्या. रॉबर्ट हिल यांचा 1800 ते 1950 मधल्या कॅनडाच्या आर्किटेक्टांचा कोश ऑनलाइन फुकट आहे. त्यात इमारतीपुढे पेपराचं नाव आणि तारीख दिलेली असते. हा एवढा एक कोश रीलवाल्याने उघडला असता तर रील बनलंच नसतं.

शेवटी ते 'अतिप्रगत' बांधकाम. ड्युरँडचं अप्पर कॅनडा कॉलेज त्याच्या मृत्यूनंतर 1891 मध्ये वापरात आलं आणि 1958 मध्ये इमारत धोकादायक ठरल्याने पाडावं लागलं. सत्तर वर्षंही टिकलं नाही. त्याच लंडन गावात 3 जानेवारी 1898 ला, निवडणूक निकालाच्या रात्री, जुन्या सिटी हॉलच्या वरच्या मजल्याची जमीन गर्दीच्या भाराने खचली, तुळई मोडली आणि 23 माणसं गेली. ती इमारत ड्युरँडची नव्हती, पण त्या काळचं बांधकाम कसं चुकायचं ते त्यात दिसतं.

रीलच्या शेवटी आपलं व्ही.टी.सुद्धा टार्टारियाच्या खात्यात टाकलंय. ते फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचं, काम सुरू 1878 मध्ये, आणि त्यावरची कोरीव कामं जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातची आहेत. दोघाही काकांनी नोकरीभर तिथूनच लोकल पकडली, निदान त्यांनी तरी हे पुढे पाठवायला नको होतं.