चारपदरी टाका आला कुठून? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. तुमचा आक्षेप असा : हाताच्या सर्जनचा निम्मा आठवडा प्रयोगशाळेत, शोधनिबंधांत आणि निवासी डॉक्टरांना शिकवण्यात गेला तर त्याचा हात बोथट होणारच, टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) शिवणं हे कसब आहे, संशोधन नव्हे.

कसब आहेच. पण किती पदरांनी शिवायचं, म्हणजे कापावरून धागा किती वेळा ओलांडून न्यायचा, हे कसबाने नाही ठरलं. बोटाच्या ज्या भागात दोन टेंडन एकाच अरुंद बोगद्यातून सरकतात, त्याला अमेरिकन हँड सर्जन स्टर्लिंग बनेल यांनी 'नो मॅन्स लँड' म्हटलं. तिथे नुकताच कापलेला टेंडन शिवायचा नाही, त्वचा बंद करायची आणि पुढे कलम करायचं (दुसरीकडचा टेंडन आणून जोडायचा), हा तेव्हाचा शिरस्ता. १९६७ मध्ये अमेरिकन सर्जन हॅरॉल्ड क्लाइनर्ट यांनी लगेच शिवून लवकर हालचाल दिल्याचे निकाल मांडले, तेव्हा अनेकांना ते पटेना.

पुढचा हिशोब प्रयोगशाळेतला. कापाच्या आरपार जितके पदर, साधारण तितकी ताकद. दुपदरी शिवण थेरपिस्टने बोट हलवण्यापुरती. रुग्णाने स्वतः हलकेच मूठ वळायची तर निदान चार पदर हवेत. ३-० किंवा ४-० धागा (आकडा मोठा तितका धागा बारीक), टाक्याची पकड कापापासून ७ ते १० मिमी आत, वरून कडेने ६-० ची फिरती शिवण. टोकांमध्ये ३ मिमीहून मोठी फट राहिली की शिवण सहा आठवड्यांपर्यंत फारसं बळ धरत नाही, असं कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दिसलं. उलट पदर वाढवत नेले तर शिवलेली जागा जाड होते आणि पुलीत (टेंडनला हाडालगत धरून ठेवणाऱ्या पट्ट्यात) अडकते. मग पुली थोडी मोकळी करावी लागते.

शिवाय शिवण सुटते ती बहुधा पहिल्या काही आठवड्यांत, घरी. असा रुग्ण दुसऱ्याच डॉक्टरकडे गेला, तर पहिल्याला आपली शिवण उत्तमच वाटत राहते. पाठपुराव्याची नोंदवही इथे कामाची.

एक मात्र तुमचं खरं. निबंध मोजून बढती देणारी पद्धत वाईट, आणि उमेदीच्या वर्षांत शस्त्रक्रियेचे दिवस कापले तर हात खरंच मागे पडतो.

पण तुमचं दुसरं वाक्य, 'बोटात अ‍ॅड्रेनालिन टोचू नये हे प्रत्येक सर्जनला ठाऊक असतं', ते तपासून पाहा. अ‍ॅड्रेनालिन रक्तवाहिन्या आकसवतं, त्यामुळे बोटाचा रक्तपुरवठा तुटून बोट जाईल, ही त्यामागची भीती. २००५ मध्ये कॅनडाचे हँड सर्जन डॉन लालोंड आणि सहकाऱ्यांनी हात-बोटांच्या ३,११० शस्त्रक्रियांची नोंद छापली; त्या इंजेक्शनमुळे एकही बोट गेलं नाही. या इंजेक्शनने रक्तस्राव कमी होतो, म्हणून भूल देऊन झोपवावं लागत नाही; आज रुग्ण जागा असताना टेबलावरच बोट वाकवतो, फट दिसली तर टाका तिथेच बदलता येतो.