डाव्या चपलेची पारध

आत्ताच सोसायटीच्या ऑफिसात दोनशे रुपये भरून आलो. पावतीवर कारण लिहिलंय : 'ओला कचरा प्लास्टिकच्या पिशवीसकट टाकणे.' पिशवी माझ्या हातातून का सुटली आणि त्या वेळी माझ्यासमोर कोण उभं होतं, यासाठी पावतीवर रकाना नाही.

गेल्या मंगळवारी रात्री पावणेदहाला कचरा टाकायला खाली उतरलो. आमची सोसायटी पुण्यात बावधनच्या कडेला, एनडीए या लष्करी प्रबोधिनीच्या जंगलाच्या बाजूला आहे. माहितीपत्रकात 'निसर्गाच्या कुशीत' असं छापलं होतं. कुशीत आणखी कोण कोण झोपतं ते छापलं नव्हतं. खतखड्ड्याचं झाकण उचलतोय तोच मागून 'हुंफ्' असा आवाज आला. वळून पाहिलं तर एक डुकरीण आणि सहा पिल्लं. मधलं काही आठवत नाही. पुढचं आठवतं ते हे, की मी खतखड्ड्याच्या चार फुटी कट्ट्यावर बर्म्युड्यात उभा आहे, उजव्या पायात चप्पल आहे, डावी खाली राहिली आहे, आणि फुटलेल्या पिशवीतली कालची भेंडी सगळीकडे पसरली आहे.

"हलू नका!"

आवाज वरून आला. मला क्षणभर आकाशवाणीच वाटली. पण ती बनियनमध्ये होती आणि तिच्या हातात चहाचा कप होता. बी-103चे काका गॅलरीच्या कठड्याला रेलून, नाटकाला पहिल्या रांगेत बसावं तसे, खाली बघत होते.

"काका, वॉचमनला सांगा ना जरा!"

"तो जेवायला गेलाय. काय आहे, गावठी का रानटी?"

"मला काय माहीत!"

"पिल्लांच्या अंगावर पट्टे आहेत का बघा. खारीसारखे."

मी वाकून पाहिलं. होते. सहाही पिल्लांच्या अंगावर तपकिरी-पिवळट उभे आडवे कसले ते पट्टे. एरवी म्हटलं असतं, किती गोड.

"आहेत!"

"मग रानटी," काका समाधानाने म्हणाले. "पट्टे पुढे जातात. आईच्या पाठीवर आयाळ असेल बघा. उगाच गावठी समजून महापालिकेला फोन कराल. रानटी असेल तर वनखातं. विषय वेगळा."

"काका, मी कुणालाच फोन करत नाहीये. माझा फोन घरी आहे. तुमच्याकडून करा."

"करू की. आधी परिस्थिती समजून घेऊ." त्यांनी चहाचा घोट घेतला. "आमच्या आजोबांच्या वेळी संस्थानात डुकरांची शिकार व्हायची. हाका घालायचे. शे-दीडशे हाकारे डबे बडवत, आरोळ्या ठोकत रान उठवायचे आणि दुसऱ्या टोकाला बंदुका धरून माणसं. इंग्रज तर घोड्यावरून भाल्याने मारायचे. स्काउटवाला बेडन-पॉवेल, तो तर त्यातला मोठा शौकीन. तुमच्याकडे काय आहे?"

"झाकण."

"कशाचं?"

"खतखड्ड्याचं."

"अंहं. खाली ठेवा. उगाच तिला राग यायचा. आधीच लेकुरवाळी आहे."

लेकुरवाळी एव्हाना शेजारच्या बागेत शिरली होती. ही बाग म्हणजे आमच्या महिला मंडळाने दोन वर्षं खपून केलेली. निशिगंधाचे कंद, हळद, कडेने अळू. तिने नाकाने माती अशी उलथायला सुरुवात केली की ट्रॅक्टरने मान खाली घालावी. निवडणुकीच्या निकालादिवशी कुठला ना कुठला पक्ष कुठे ना कुठे 'जोरदार मुसंडी' मारत असतो. तो शब्द मी आयुष्यभर वाचत आलोय, पण मुसंडी म्हणजे नेमकं काय ते त्या रात्री समजलं. कुठल्याही पक्षाला हे जमणार नाही. एका मुसंडीत निशिगंधाची अख्खी रांग आडवी.

"पुण्यावर एकदा गाढवाचा नांगर फिरवला होता," काका वरून म्हणाले. "आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने. मग जिजाऊंनी सोन्याचा फिरवला. आता इथे हा डुकराचा."

"काका, ओरडा ना जरा! चार लोक येतील."

"छे छे. गर्दी करायची नाही. डिसेंबर 2020 आठवा. कोथरूडात गवा आला होता. लोक मागे धावले, मोबाइल काढून. बिचारा पळून पळून संध्याकाळपर्यंत मेला."

"मला गर्दी नकोय. एक माणूस पुरे."

"एकाचे चार होतात," काका म्हणाले, आणि त्यांनी मोबाइल काढला.

मला वाटलं, चला, फोन करताहेत. फ्लॅश पडला तेव्हा कळलं.

आता खरं सांगायचं तर काकांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. गव्याच्या वेळी मीही हळहळलो होतो, घरी बसून. पण कट्ट्यावर एका पायावर उभं राहून दुसऱ्याचं बरोबर आहे असं मान्य करणं फार कठीण. मी शेवटी विचारलं, "आजोबांनी किती मारली हो?"

"आजोबांनी? अहो, ते खजिन्यात कारकून होते. हाकाऱ्यांना पैसे वाटायचे. पण हिशेब चोख. पैचा फरक नाही."

वीस मिनिटांनी पिल्लांनी भेंडी संपवली, डुकरिणीने हळद संपवली आणि सगळं कुटुंब जसं आलं तसं भिंतीच्या पडक्या भागातून निघून गेलं. जाताना एका पिल्लाने माझी डावी चप्पल उचलली. ते मी डोळ्यांनी पाहिलं. वॉचमन त्यानंतर आला आणि म्हणाला, "साहेब, तिथं चढायला मनाई आहे."

फोटो माझ्याआधी घरी पोचला होता. सोसायटीच्या ग्रुपवर पहिल्या पाच मिनिटांत हसण्याची तोंडं, मग 'वराह हा दशावतारातला तिसरा, नमस्कार करा' हे एका आजींचं, आणि मग सचिवांचं : 'फोटो मोठा करून पाहावा. ओला कचरा काळ्या पिशवीत दिसत आहे.' डुक्कर दिसलं नाही. पडकी भिंत दिसली नाही. तीन सभांमध्ये ती भिंत 'पुढच्या बैठकीत' गेलेली आहे, तीही कुणाला दिसली नाही. पिशवी दिसली.

रागाच्या भरात मी भोरकडच्या मावसभावाला फोन केला. म्हटलं, हा तरी हसेल. तो हसला नाही. "किती होती?" म्हणाला. सात म्हटल्यावर "बरं" म्हणाला, त्या सुरात की सात म्हणजे चहाला आलेले पाहुणे. त्याचा भुईमूग गेल्या वर्षी काढणीच्या आठवडाभर आधी गेला. बांधावर वहिनीच्या जुन्या साड्या बांधून झाल्या, सलूनमधले केस आणून पसरून झाले, माळ्यावर बसून रात्र-रात्र डबा बडवून झाला. चार दिवस डुकरं बिचकतात, मग साड्यांच्या खालून येतात. "मारायची परवानगी मिळते म्हणे," मी माझं वाचन पाजळलं. सरकारी भाषेत तिला 'पारध परवाना' म्हणतात.

"मिळते की. अर्ज कर, पंचनामा कर. आणि मारायचं कशानं? माझ्याकडं बंदूक कुठंय? बंदुकीचा परवाना वेगळा. तोवर शेंग डुकराच्या पोटात."

परवान्यावर मारलेलं डुक्करसुद्धा कायद्याने सरकारी मालमत्ता. म्हणजे जिवंत असेपर्यंत त्याला खाऊ घालायचं शेतकऱ्याने आणि मेल्यावर ते सरकारचं. शिवाय वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या 2022च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर संरक्षित प्राण्यांच्या तिसऱ्या अनुसूचीतून दुसऱ्या अनुसूचीत चढलंय. मावसभाऊ कुठल्याच अनुसूचीत नाही. हे मी त्याला बोललो नाही. तो माळ्यावर निघाला होता, आणि माझी रड एका चपलेची.

पण रड आहे, ती आहेच. आज दोनशे रुपये भरून बाहेर पडलो तर नोटीस बोर्डावर सचिवांच्या टपोऱ्या अक्षरात नवा कागद : 'खतखड्ड्यामागे एक डावी चप्पल (चावलेली) सापडली आहे. उजवी दाखवून, ओळख पटवून न्यावी. वेळ 11 ते 12. रविवारी मिळणार नाही.'

वर गॅलरीतून काका म्हणाले, "तुमचीच ना?"

मी नाही म्हणालो.