साहेब, पेन्सिल जवळ ठेवा

अभिनंदन साहेब! कोल्हापुरात पोस्टिंग म्हणजे नशीब काढलंत. पहिल्या आठवड्यात तांबडा-पांढरा होईल, अंबाबाईला जाऊन याल, रंकाळ्यावर एक चक्कर होईल, आणि सोमवारी टेबलावरचा फाईलींचा ढीग बघून पोटात गोळा येईल. येऊ दे. नीतिमत्तेचा लोक उगाच बाऊ करतात, शहराच्या कारभारात ती सांभाळणं लई सोपं असतंय, फक्त टेक्निक पाहिजे.

एक तर पैसे हातात घ्यायचे नाहीत. लाचलुचपतवाले नोटांना पावडर लावून पाठवतात, 1064 ला फोन करायला पैसे पण पडत नाहीत, कोण कधी फिरवेल सांगता येत नाही. एवढं पाळलंत की तुम्ही प्रामाणिक. मग दिवाळीला कुणी घरी गुळाचा रवा टाकून गेलं, साडूच्या गाडीत कुणी डिझेल भरलं, पोरीच्या क्लासची फी परस्पर भरली गेली, तर त्यात तुमचा काय दोष, तुमचे हात कोरडेच की.

टेंडरचं पण टेन्शन घेऊ नका. रस्ता एकच असला तरी चौक ते वडाचं झाड हे एक काम, वडाचं झाड ते पानपट्टी हे दुसरं आणि पानपट्टी ते गटार हे तिसरं, म्हणजे तिन्ही ई-टेंडरच्या मर्यादेखाली बसतात आणि तिन्ही एकाच माणसाला मिळाली तर तो योगायोग.

खरा कस लागतो तो पूररेषेच्या फाईलीला. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतल्या पुराची, आणि निळीच्या आत बांधकाम चालत नाही, हे तुम्ही परीक्षेत लिहून आलाय. पंचगंगेला मात्र हे गणित कुणी सांगितलं नाही, ती 2019 ला आली आणि 2021 ला परत आली. राजाराम बंधाऱ्याला 43 फूट म्हणजे धोका, 2019 ला पाणी 55 च्या वर गेलेलं. असो. तर फाईलीत एक ज्युनियर इंजिनिअर, नवीन पोरगं, भाबडं, ते लिहून ठेवतंय की "सदर जागा निळ्या पूररेषेत येत असल्याने परवानगी देता येत नाही." आणि तिकडं तुम्हाला फोन येऊन गेलेला असतो, कुणाचा ते विचारू नका, ज्यांचा येतो त्यांचाच.

आता इथं लोक चुकतात. "मंजूर" लिहून अडकतात, नाहीतर "नामंजूर" लिहून बदली ओढवून घेतात. तुम्ही दोन्ही करायचं नाही. ड्रॉवरमधली पेन्सिल काढायची आणि मार्जिनला बारीक अक्षरात "चर्चा करावी" एवढंच लिहायचं. मग पोराला केबिनमध्ये बोलवायचं, चहा सांगायचा, घरी कोण कोण असतं विचारायचं. चार दिवसांत ते पान फाईलीतून निघतं, लेस परत ओवली जाते, आणि नवीन टिपणी येते की "सदर मिळकत रेषेलगत असल्याचे दिसून येते." आत आणि लगत, अंतर किती, तर एका चहाचं. मग तुम्ही पेन काढायचं आणि लिहायचं "नियमानुसार कार्यवाही करावी." म्हणजे हो पण नाही आणि नाही पण नाही. पेन्सिलचा शेरा खोडा, रबराचा चुरा फुंकरीनं उडवा. पोरगं ऐकत नसेल तर त्याला घरफाळ्याला टाका, हुशार आहे, अनुभव मिळेल त्याला.

नियमाचे कडक म्हणून नाव पण व्हायला पाहिजे, त्यासाठी साधी माणसं असतातच. आमच्या शेजारचे काका वडील गेल्यावर घरफाळ्याला नाव लावायला गेले. मृत्यूचा दाखला आहे, भावाबहिणींची संमती आहे, पण आडनावातला उकार पावतीवर ऱ्हस्व आणि दाखल्यावर दीर्घ. झालं. तिथं साहेबांनी पेन काढलं, पेन्सिल नाही, आणि ठसठशीत लिहिलं की "नावात तफावत, पूर्तता करावी." काका आठ महिने हेलपाटे घालतायत, पिशवीत सगळे कागद, त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर, आणि आता क्लार्क त्यांना नावानं ओळखतो, उकारासकट.

26 जूनला दसरा चौकात शाहू महाराजांना हार घालायला पहिल्या रांगेत उभे राहा. 1902 ला महाराजांनी 50 टक्के जागा राखीव ठेवल्या हे भाषणात सांगा, आवाज थोडा भरून आला तर बरंच. महाराज फाईल कशी काढायचे तिकडं वळू नका.

मग जुलै येतो. पाणी चढतं, त्या रेषेलगतच्या बिल्डिंगीतली माणसं बोटीतून बाहेर काढावी लागतात, तुम्ही लाईफ जॅकेट घालून फोटो काढा. पाणी उतरलं की कोणतरी 10 रुपयाचं तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज टाकणार, की परवानगी कुणी दिली. 30 दिवस असतात, 29 व्या दिवसापर्यंत शांत बसा, पहिलं अपील तसं पण आपल्याच वरच्या मजल्यावर असतंय. आणि मग उत्तर द्या की सदर फाईल महापुरात भिजून नष्ट झाल्याने माहिती उपलब्ध नाही. हे मात्र पेननं लिहा, खाली सही करा, जावक नंबर टाका.