बाण मारला की कुलूप

दूध संकलन केंद्राच्या कॉम्प्युटरवर एकाच वेळी तिघे राबत असतात. एक थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधला स्वतंत्र चालणारा धागा, काट्यावरून वजन उचलतो, दुसरा मशीनवरून फॅट, तिसरा पावती छापतो. रजिस्टर मात्र तिघांत एकच. दोघांनी एकदम हात घातला की थोरल्याच्या म्हशीचं फॅट धाकट्याच्या गाईच्या नावावर चढतं. याला आमच्या प्रोग्रॅमिंगच्या धंद्यात रेस कंडिशन म्हणतात. गावात वेगळे शब्द आहेत.

म्हणून रजिस्टरला म्यूटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, लावायचा. पण लावलेलं काढायचं राहून जातं, किंवा मध्येच एक्सेप्शन (चालू काम तोडणारी चूक) उडतं आणि काढायच्या ओळीपर्यंत कुणी पोचतच नाही. यावर सी प्लस प्लस या आमच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेनं २०११ साली लॉक गार्ड दिला. तो जन्मला की लॉक, त्या कोडभोवतीचा महिरपी कंस मिटून मेला की अनलॉक. विसरभोळ्यांची सोय झाली.

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसातल्या पोराला तेवढी ओळही जड झाली. त्यानं स्मार्ट पॉइंटर आणला: रजिस्टरकडे बोट दाखवणारी वस्तू, जिच्यापुढं बाण (->) लिहून काम सांगायचं. "दादा, आता लॉक ध्यानात ठेवायचंच न्हाई. बाण मारला की लॉक, वाक्य संपलं की अनलॉक. नाद खुळा!" युक्ती त्याची नव्हे. भाषेचे जनक ब्यार्न स्ट्राउस्ट्रुप यांनी २००० साली ती लेख लिहून मांडली होती: बाण एक तात्पुरती वस्तू हातात देतो, ती कुलूप घालते आणि अर्धविरामाशी प्राण सोडते. युक्ती देखणी आहे, यात वाद नाही.

मग पहाटे साडेपाचला सेक्रेटरींचा फोन. "साहेब, एका कॅनच्या दोन पावत्या निघाल्यात." शेतकऱ्याची काही तक्रार नव्हती म्हणे.

झालं असं, की नोंद आहे का हे एका बाणानं विचारायचं आणि नसेल तर दुसऱ्यानं घालायची. दोन्ही बाण कुलूपबंद, मधली फट उघडी. काटा आणि फॅट दोघांनी विचारलं, दोघांना 'नाही' मिळालं, दोघांनी घातली. गंगावेशच्या दूध कट्ट्यावर दर धारेला म्हशीचं दावं सोडून पुन्हा बांधावं, तसा हा कारभार.

दुसऱ्या दिवशी सगळंच थिजलं. पोरानं एकाच वाक्यात दोन बाण मारले होते: एकूण नोंदी विचारून त्या आकड्यानं नवी नोंद घाल. पहिल्यानं कुलूप घातलं, दुसरा ते सुटायची वाट बघत बसला, आणि पहिला दुसऱ्याच्या उत्तराची. साध्या म्यूटेक्सवर एकाच थ्रेडनं दोनदा लॉक मागितला तर काय होईल, याची हमी भाषेचं स्टँडर्डही देत नाही. इथं दारात कॅनची रांग लागली.

"बाण सोड," मी म्हणालो, "अख्ख्या कामाला सुरुवातीलाच एक लॉक घाल." त्यानं लॉक गार्डचाच भाऊ, युनिक लॉक लिहिला, कंसात म्यूटेक्सचं नाव घातलं, पण खुद्द लॉकला नाव द्यायचं राहिलं. कंपायलरनं, म्हणजे कोडचं भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅमनं, त्याचा अर्थ लावला, की म्यूटेक्सच्याच नावाचा एक नवा, रिकामा लॉक हवाय. तो त्यानं करून दिला. खरा म्यूटेक्स सताड उघडा. एरर नाही, आणि एका नावानं दुसरं झाकलं की मिळते ती सावलीची वॉर्निंग आम्ही चालू केलेली नव्हती.

पोरगं मात्र खूश. "बघा दादा, आता अजिबात थिजत न्हाई!"