‘४६ डिग्रीत १०डब्ल्यू-३० म्हणजे पाणी’: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि सावजी रश्श्याइतकी तिखटही, म्हणून खाली दोन ओळी खरडण्याऐवजी सविस्तर लिहितो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिन ऑइलचा बाइकच्या मॅन्युअलमध्ये दिलेलाच ग्रेड (१०डब्ल्यू-३०सारखा डब्यावरचा घट्टपणाचा आकडा) वापरा आणि डब्यावर आधी जासोचा, म्हणजे दुचाकीच्या ऑइलसाठीच्या जपानी मानकाचा, शिक्का बघा, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत: “हे पुस्तकी ज्ञान पुण्यात ठीक आहे. मे महिन्यात नंदनवनहून बुटीबोरीला रोज जाऊन दाखवा. ४६ डिग्रीत १०डब्ल्यू-३० म्हणजे पाणी आहे पाणी. नागपुरातला कोणताही मेकॅनिक उन्हाळ्यात २०डब्ल्यू-५०च टाकतो. २० म्हणजे १०च्या दुप्पट घट्ट, साधं गणित आहे. माझे काका वर्षानुवर्षं ट्रकचं डिझेल ऑइल टाकतात, त्यांच्या गाडीला काही झालं नाही.” आणि शेवटी विचारलंत की तुमच्या २०१२च्या स्प्लेंडरमध्ये मग नेमकं टाकायचं तरी काय.

आधी ते पाणी. शंभर अंशांना पाण्याचा घट्टपणा साधारण ०.३ सेंटिस्टोक (घट्टपणा मोजायचं एकक) असतो. ३० ग्रेडचं ऑइल त्याच तापमानाला ९.३ ते १२.५च्या मध्ये असावं लागतं, नाहीतर त्याला ३० म्हणताच येत नाही. म्हणजे तुमचं ‘पाणी’ पाण्याच्या तीसपट घट्ट आहे. डब्यातून ओतताना ते सळसळत पडतं हे खरं, पण ओतताना जे दिसतं ते थंड ऑइल. इंजिनात त्याचं काय होतं ते डोळ्याला दिसत नाही.

दुप्पट घट्टपणाचं गणितही डब्यावरच्या चुकीच्या आकड्यावरून केलेलं आहे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा फक्त थंडीचा. १०डब्ल्यूची चाचणी उणे २५ आणि उणे ३० अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ आणि उणे २० अंशांना. नागपुरात डिसेंबर २०१८मध्ये पारा ३.५वर उतरला तेव्हा आपण शेकोट्या पेटवल्या, पण इंजिन ऑइलच्या दृष्टीने ती थंडी नव्हतीच. गरम इंजिनात काय होणार ते मागचा आकडा सांगतो. वाद घालायचा असेल तर ३० आणि ५०चा घाला. हिवाळ्यात एक आणि उन्हाळ्यात दुसरं, असं वर्षातून दोनदा ऑइल फिरवायची पद्धत त्यामुळेच मला पटत नाही. दोन्ही ग्रेड आपल्या इथले दोन्ही ऋतू काढतात. सकाळी थंड इंजिनात जाड ऑइल वर हेडपर्यंत पोचायला थोडा जास्त वेळ घेतं, एवढाच काय तो फरक.

उन्हाबद्दल तर वादच नाही. २३ मे २०१३ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले आहेत. मे २०२४मध्ये एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवले, आणि सेन्सर बिघडल्याचं हवामान खात्याने सांगेपर्यंत आपण तो आकडा देशभर मिरवून घेतला! पण पारा कितीही चढला तरी ऑइल ज्या उष्णतेत काम करतं तिच्यातली बहुतेक उष्णता पेट्रोल जळण्यातून येते. हवेवर थंड होणाऱ्या छोट्या इंजिनात तळाचं ऑइल शंभर अंशांच्या आसपास खेळतं, आणि पिस्टनच्या वरच्या रिंगेपाशी तापमान दोनशेच्या घरात जातं. ऑइलची एक चाचणी तर १५० अंशांना, जोरात घुसळत घेतात. त्यात ३० ग्रेडला किमान २.९ आणि २०डब्ल्यू-५०ला किमान ३.७ हा घट्टपणाचा आकडा गाठावा लागतो.

आता तुमच्या बाजूने जे बोलायला हवं ते मीच बोलतो, कारण तुमचा मुद्दा अगदीच हवेतला नाही. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला बाहेरची हवा जितकी गरम मिळते, तितकं त्याचं ऑइलही वर सरकतं. जानेवारीच्या सकाळी वर्धा रोडवर जे ऑइल ९५वर असेल, ते मेच्या दुपारी, मागे सामान बांधून, सिग्नलमागून सिग्नल थांबत गेलात तर १२०ला पोचू शकतं. आणि १२० अंशांना ५० ग्रेडचं ऑइल ढोबळमानाने तितकंच पातळ होतं जितकं ३० ग्रेडचं १०० अंशांना असतं. म्हणजे उन्हाळ्यात ५० टाकणाऱ्याचं गणित कागदावर बरोबर बसतं. सिमेंट रोडच्या तव्यावर दुपारी दोनला उभं राहिलेल्या माणसाला तर ते जास्तच पटतं.

मग मी अडून का बसलोय? तुमच्या गाडीमुळे. स्प्लेंडरच्या त्या ९७ सीसी इंजिनाचा क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा, बॉल बेअरिंगवर फिरतो आणि पिस्टनला त्याच्याशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचा मोठा डोळा रोलरवर. कारच्या इंजिनात असतात तशा गुळगुळीत शेल बेअरिंग इथे नाहीत. शेल बेअरिंगचा सगळा भार ऑइलच्या थरावर तरंगत असतो, म्हणून तिथे जाडी फार मोलाची. बॉल आणि रोलरला जाडीपेक्षा ऑइल सतत पोचत राहणं महत्त्वाचं, आणि त्यांचं पातळ थरावर भागतं. जाड ऑइल टाकलं की पंपाला ते ढकलायला जास्त जोर लागतो, बारीक वाटांतून ते हळू जातं, क्लचच्या प्लेटा त्यात जड फिरतात आणि तो सगळा जोर पेट्रोलमधून जातो. वर ऑइलच ऑइलला घुसळून थोडी उष्णता तयार करतं ती वेगळीच. २०डब्ल्यू-५० टाकून तुमचं इंजिन उद्या बसेल असं मी म्हणणार नाही. बसणार नाही. पण ज्या संरक्षणासाठी तुम्ही ते टाकताय ते या इंजिनाला त्यातून फारसं मिळत नाही.

मेकॅनिक मंडळींबद्दल. नागपुरातला कोणताही मेकॅनिक ५०च टाकतो हे बऱ्याच अंशी खरं आहे, आणि त्यामागे अडाणीपणा नाही. ज्यांचा हात जुन्या बुलेटवर बसला त्यांच्यासाठी २०डब्ल्यू-५० हेच ऑइल होतं. पल्सरच्या अनेक मॉडेलांना कंपनीनेच २०डब्ल्यू-५० सांगितलेलं. दुकानात एकच ड्रम ठेवायचा तर सगळ्यांत चालून जाईल असा तोच. शिवाय जाड ऑइल टाकलं की टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधल्या फटीचा) आवाज दबतो, गिऱ्हाईक म्हणतं ‘वा, गाडी मऊ झाली’, आणि दोघंही खूश. टॅपेट मात्र ढिला तो ढिलाच राहतो.

एक सूट देतो. काही मॅन्युअलमध्ये बाहेरच्या तापमानानुसार ग्रेडचा तक्ता छापलेला असतो. तुमच्या पुस्तकात असा तक्ता असेल आणि ४०-४५ अंशांच्या पट्ट्यात २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० दिसत असेल, तर खुशाल टाका, कोणाला विचारायची गरज नाही. रॉयल एनफील्डवाल्यांनी १५डब्ल्यू-५० सोडू नये, त्या इंजिनाची गरज वेगळी.

आता तुमचे काका. त्यांचा क्लच घसरला नाही यात मला आश्चर्य वाटत नाही. बाइकचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, आणि त्याची खरी वैरी असतात ती पेट्रोल कारसाठीची नवी पातळ ऑइलं. ५डब्ल्यू-३०च्या ज्या डब्यावर ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ लिहिलेलं असतं, त्यात मायलेज वाढवण्यासाठी घर्षण कमी करणारी रसायनं घालतात. कारच्या इंजिनाला ती छान, कारण कारचा क्लच कोरडा आणि वेगळा. बाइकमध्ये तीच रसायनं क्लच प्लेटवर बसतात आणि मग डबलसीट वर्धा रोडच्या डबल-डेकर पुलावर चढताना इंजिन ओरडतं, गाडी मात्र वाढत नाही. म्हणून जपानच्या जासोने चार-स्ट्रोक दुचाकींच्या ऑइलसाठी टी९०३ हे वेगळं मानक १९९८मध्ये आणलं. एमए म्हणजे क्लच पकडणारं, एमबी म्हणजे कमी घर्षणाचं. २००६मध्ये एमएचे एमए१ आणि एमए२ असे आणखी दोन भाग झाले. अ‍ॅक्टिव्हासारख्या स्कूटरचा क्लच कोरडा असल्याने तिथे एमबी चालतं. घरात एक अ‍ॅक्टिव्हा आणि एक बाइक असली की स्कूटरचं उरलेलं ऑइल बाइकमध्ये ओतायचा मोह होतो. तिथे दोन्ही डबे १०डब्ल्यू-३०चेच असतात, आणि फक्त ग्रेड बघणारा माणूस तिथेच फसतो.

ट्रकच्या १५डब्ल्यू-४० डिझेल ऑइलमध्ये ही निसरडी रसायनं सहसा नसतात, म्हणून काकांची गाडी चालतेय. पण जासोच्या मानकात जळल्यावर उरणाऱ्या राखेवर १.२ टक्क्यांची मर्यादा आहे आणि जुन्या धर्तीची बरीच डिझेल ऑइलं ती ओलांडतात. ही राख पिस्टनच्या डोक्यावर, व्हॉल्व्हवर, प्लगवर साचते. गाडीला काही झालं नाही म्हणता, तर हेड उघडून कोणी पाहिलंय का? फॉस्फरसचीही गोष्ट आहे. बाइकमध्ये गिअरही त्याच ऑइलात फिरतात, म्हणून जासो किमान ०.०८ टक्के मागतं, आणि सायलेन्सरमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लागू नये म्हणून ०.१२च्या वर जाऊ देत नाही. काकांना घाबरवू नका, पण पुढच्या वेळी बाइकचाच डबा आणा म्हणावं. लिटरमागे वाचतात किती, आणि वर्षाला लागतं किती लिटर?

खरं तर मला तुमच्याशी भांडायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर. एवढ्या मोठ्या प्रतिक्रियेत ऑइलच्या पातळीचा एक शब्द नाही. नागपूरचं ऊन बाइकला मारतं ते इथे. तुमच्या इंजिनात जेमतेम लिटरभर ऑइल. त्यातलं तीनशे मिली उडालं तर जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. उरलेल्याने तेवढीच उष्णता वाहून न्यायची, म्हणजे ते आणखी तापणार, आणि ऑइलचा ढोबळ नियम असा की दहा अंश वाढले की ते खराब होण्याचा वेग दुपटीच्या जवळ जातो. रिकामं होत आलेल्या इंजिनात ३० होतं की ५०, याने काय फरक पडतो?

म्हणून नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आधीपासूनच दर पंधरवड्याला काडी, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी डिपस्टिक, बघा. गाडी मेन स्टँडवर, सपाट जागी. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, थोडं थांबा, काडी पुसून नुसती टेकवा, आटे फिरवून बसवू नका. वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये हवं. वरच्या खुणेच्या पुढेही भरू नका. उन्हाळ्यात मॅन्युअलमधल्या अंतराच्या हजारेक किलोमीटर आधीच ऑइल बदला. स्प्लेंडरला कागदी फिल्टर नाही, जाळी आणि फिरून मळ बाजूला फेकणारा फिल्टर आहे, तो उघडून साफ करायचं काम मेकॅनिक हमखास टाळतो. समोर उभं राहून करून घ्या. ऑइल काळं झालं म्हणून घाबरायचं कारण नाही, मळ धरून ठेवणं हेच त्याचं काम. सुटं ऑइल मात्र घेऊ नका, सीलबंद डबा स्वतः आणा, आणि रिकामा डबा दुकानात सोडायच्या आधी त्याला भोक पाडा. त्यात पुन्हा काय भरलं जाईल याचा भरवसा नाही.

आता तुमची २०१२ची स्प्लेंडर. हजार किलोमीटरमध्ये काडीवर फारसा फरक दिसत नसेल, तर १०डब्ल्यू-३०, जासो एमए, एपीआय एसएल (डब्यावर लिहिलेली ऑइलची अमेरिकी दर्जा-श्रेणी) किंवा त्यापुढचं. मिनरल पुरेसं आहे. या इंजिनासाठी फुल सिंथेटिकवर पैसे घालण्यापेक्षा तेच मिनरल लवकर बदललेलं बरं. ऑइल उडत असेल तर आधी कारण शोधा. अ‍ॅक्सिलरेटर पिळल्यावर निळा धूर येत असेल तर रिंगा, सोडून पुन्हा पिळल्यावर भपकन येत असेल तर व्हॉल्व्हचे सील. सील स्वस्तात बदलतात. रिंगा गेल्या असतील आणि बोअरचा (सिलिंडर घासून नवा पिस्टन आणि रिंगा बसवण्याचा) खर्च या वर्षी जमत नसेल, तर तोवर २०डब्ल्यू-४० एमए टाकून चालवा, त्याला माझी हरकत नाही. बोअर झाल्यावर परत ३०वर या. आणि टॅपेट सेट करून घ्याल तेव्हा इंजिन पूर्ण थंड असू द्या. दिवसभर चाललेली गाडी संध्याकाळी नेऊन लगेच उघडू देऊ नका, रात्रभर दुकानात ठेवा आणि सकाळी पहिलं काम तुमचं करायला सांगा.