ब्रिटनचं कागदी लायसन्स बाद झालेलं नाही, ते फाडू नका

ब्रिटनमधल्या मराठी घरांत एक मेसेज सतत फिरत असतो. मुलं तो आई-बाबांना पाठवतात, आई-बाबा मंडळाच्या ग्रुपवर टाकतात. त्यातला मजकूर थोडक्यात असा: फोटो नसलेली कागदी ड्रायव्हिंग लायसन्स आता चालत नाहीत, ती फाडून टाका. फोटोकार्ड नसेल तर एक हजार पौंड दंड होतो, विमाही बाद होतो. २०३३ मध्ये उरलीसुरली सगळी रद्द होणार आहेत, म्हणून खालच्या लिंकवर आजच अर्ज करा.

यातला दंडाचा आकडा खरा आहे, पण तो भलत्याच गोष्टीला चिकटवला आहे. बाकी सगळं चूक. ‘फाडून टाका’ हा सल्ला ऐकून लोकांचं नुकसान होतं, म्हणून आधी तोच घेऊ. (खाली लिहिलेलं इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्ससाठी आहे. उत्तर आयर्लंडचं लायसन्स खातं वेगळं आहे.)

“कागद फाडून टाका”

ही सूचना खरोखर निघाली होती, पण दुसऱ्या कागदाबद्दल. १९९८ मध्ये प्लॅस्टिकचं फोटोकार्ड आलं तेव्हा कार्डासोबत एक मोठा कागदही मिळायचा. त्याचं नाव काउंटरपार्ट. पेनल्टी पॉइंट (वाहतुकीचे नियम मोडल्याबद्दल लायसन्सवर पडणारे गुण) आणि कार्डावर न मावणारी माहिती त्यावर असायची. ८ जून २०१५ पासून या काउंटरपार्टला कायद्यात काहीच स्थान राहिलं नाही, आणि डीव्हीएलएने, म्हणजे स्वान्सीच्या लायसन्स खात्याने, तो नष्ट करा असं सांगितलं. त्याच सूचनेत पुढे हेही होतं की फोटोकार्ड येण्याआधीचं, १९९८ पूर्वीचं कागदी लायसन्स वैधच आहे, ते नष्ट करू नका. मेसेज फिरता फिरता पहिला अर्धा भाग राहिला, दुसरा गळून पडला.

घरातला कागद कोणता, हे ओळखायला दोन मिनिटं लागतात. त्या व्यक्तीला कधी प्लॅस्टिकचं कार्ड मिळालं होतं का, हे आधी विचारा. मिळालं असेल आणि कागदावर ‘काउंटरपार्ट’ हा शब्द छापलेला असेल, तर तो कागद निरुपयोगी. कार्ड कधीच घेतलं नसेल आणि हातात घडी घातलेला हिरवा किंवा गुलाबी कागद असेल, त्यावर नाव, पत्ता, सही, वाहनांचे वर्ग आणि कधीपर्यंत वैध ती तारीख असेल, तर तेच लायसन्स. तो कागद पाकिटात घड्या पडून पडून रेषेवर विरलेला असतो. म्हणून काही तो रद्द होत नाही.

तिसरा एक प्रकार क्वचित जुन्या ट्रंकेत सापडतो: स्थानिक कौन्सिलने दिलेली छोटी लाल पुस्तिका. ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची आणि ठरावीक मुदतीची, तिच्यावर आज गाडी चालवता येत नाही. पण ज्यांच्याकडे ती आहे त्यांना बहुतेक वेळा नंतर हिरवा किंवा गुलाबी कागद मिळालेलाच असतो. तो शोधा.

आणि मेसेज वाचून कोणी आधीच फाडून टाकला असेल तर? गाडी चालवण्याचा हक्क डीव्हीएलएच्या नोंदीत असतो, कागदाबरोबर तो जात नाही. मात्र कागदी लायसन्सची दुसरी प्रत आता निघत नाही. बदली म्हणून फोटोकार्डच मिळतं आणि त्याचे २० पौंड पडतात.

“आता ते चालत नाही”

चालतं. कागदावरची शेवटची तारीख पाहा: सर्वसाधारण कार-लायसन्सला ती सत्तराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवसाची असते. १९९८ मध्ये, फोटोकार्ड यायच्या जरा आधी, सतराव्या वर्षी कागदी लायसन्स घेतलेला माणूस २०५१ मध्ये सत्तरीचा होईल. म्हणजे पत्ता, नाव काही बदललं नाही तर त्याचा कागद तोपर्यंत चालू शकतो.

सत्तरीला नूतनीकरण सगळ्यांनाच करावं लागतं. वाढदिवसाच्या ९० दिवस आधी डीव्हीएलए डी४६पी हा फॉर्म पाठवतं. हे नूतनीकरण फुकट असतं, साधारणपणे दर तीन वर्षांनी करायचं असतं, आणि कागदवाल्यांना फोटोकार्ड तेव्हा मिळतंच.

पोलिसांनी थांबवल्यावर खिशात कार्ड नाही म्हणून गुन्हा झाला, असंही होत नाही. ब्रिटनमध्ये लायसन्स जवळ बाळगण्याची सक्ती नाही. मागितलं आणि तेव्हा दाखवता आलं नाही तर सात दिवसांत पोलीस ठाण्यात नेऊन दाखवायचं असतं. तिथे कागदी लायसन्स चालतं.

“एक हजार पौंड दंड”

हा आकडा १९८८ च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टमधून आला आहे, आणि तो दोन चुकांना लागू होतो.

पहिली चूक फोटोकार्डवाल्यांची. कार्डावरचा फोटो दर दहा वर्षांनी बदलावा लागतो. कार्डाच्या पुढच्या बाजूला ४बी समोर जी तारीख असते ती कार्डाची मुदत. ती उलटूनही कार्ड नवं केलं नाही तर एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. (नूतनीकरणाला ऑनलाइन १४ पौंड, टपालाने १७, पोस्ट ऑफिसात २१.५० पौंड लागतात.) कागदी लायसन्सवर फोटोच नाही, त्यामुळे ही दहा वर्षांची अट त्याला नाही. मेसेजने दंड नेमका उलट्या माणसाच्या माथी मारला आहे.

दुसरी चूक मात्र कागदवाल्यांकडून सर्रास होते, आणि मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही. घर बदललं आणि डीव्हीएलएला कळवलं नाही, तर तोच एक हजार पौंडांपर्यंतचा दंड. लेस्टरला असताना लायसन्स घेतलं, मग हॅरोला आलो, आता मुलाजवळ रेडिंगला राहतो आणि कागदावर अजून लेस्टरचा पत्ता: असे कागद घरोघरी सापडतील. लग्नानंतर बदललेल्या नावाचंही तसंच. कागदावर जुना पत्ता किंवा जुनं नाव असेल तर तो बदलायलाच हवा, आणि बदलला की फोटोकार्ड येतंच. पत्ता बदलायला शुल्क नाही. म्हणून ज्यांना मुळात कार्ड हवंच आहे आणि पत्ताही जुना आहे, त्यांनी पत्ताबदलाचाच अर्ज करावा.

“विमा बाद होतो”

विमा कंपनी वैध लायसन्स मागते. वैध कागदी लायसन्स हे वैध लायसन्सच आहे. अडचण येते ती फॉर्ममध्ये चुकीची माहिती दिल्यामुळे: चुकीचा पत्ता, लपवलेले पॉइंट, न कळवलेला आजार. त्याचा फोटोशी संबंध नाही.

पॉइंटांबद्दल एक गोष्ट मात्र कागदवाल्यांनी ध्यानात ठेवावी. ८ जून २०१५ नंतरचे पॉइंट कागदावर लिहिले जात नाहीत, ते फक्त डीव्हीएलएच्या संगणकात असतात. कागद कोरा दिसतो म्हणून ‘माझ्यावर पॉइंट नाहीत’ असं फॉर्मवर लिहू नका. सरकारी संकेतस्थळावर लायसन्स क्रमांक, नॅशनल इन्शुरन्स क्रमांक आणि लायसन्सवरचा पोस्टकोड घालून आपली नोंद फुकट पाहता येते.

लायसन्स क्रमांक सोळा अक्षरांचा असतो आणि तो वाचता येतो. आडनावाची पहिली पाच इंग्रजी अक्षरं, मग जन्मतारखेचे सहा अंक, मग नावांची आद्याक्षरं आणि शेवटी खात्याची स्वतःची अक्षरं. १४ मार्च १९५२ ला जन्मलेल्या कुलकर्णींचा क्रमांक के-यू-एल-के-ए असा सुरू होतो आणि पुढे ५०३१४२ येतं: दशकाचा ५, महिन्याचे ०३, दिवसाचे १४, वर्षाचा शेवटचा २. त्याच तारखेच्या बाईंच्या क्रमांकात महिन्याच्या पहिल्या अंकात ५ मिळवतात, म्हणून ५५३१४२. ‘राणे’सारख्या इंग्रजीत चार अक्षरी आडनावाला पाचव्या जागी ९ येतो. कागदावरची तारीख आणि पासपोर्टवरची तारीख जुळते का, हे इथेच दिसतं. जुन्या पिढीत शाळेच्या दाखल्यावरची तारीख वेगळी असण्याचे प्रकार आहेत, आणि ते अर्ज अडकल्यावरच उघडे पडतात.

जिथे कागद खरोखर अपुरा पडतो

वैध असणं वेगळं आणि सगळीकडे चालणं वेगळं. मेसेज लिहिणाऱ्याने हे सांगितलं असतं तर लोकांचं भलं झालं असतं.

भाड्याची गाडी: कंपनी स्वतःच्या अटी घालू शकते. कागदी लायसन्ससोबत पासपोर्ट आणि चेक कोड मागतात, म्हणजे कंपनीला आपली डीव्हीएलएतली नोंद पाहता यावी म्हणून द्यायचा कोड. हा कोड वर सांगितलेल्या संकेतस्थळावरच मिळतो, २१ दिवस चालतो आणि एकदाच वापरता येतो. लहान-मोठी इंग्रजी अक्षरं जशीच्या तशी द्यावी लागतात, फोनवर सांगताना इथेच चूक होते. सुट्टीला निघण्याच्या महिनाभर आधी काढून ठेवला तर काउंटरवर पोहोचेपर्यंत तो संपलेला असतो.

परदेश: फोटोकार्डवर युरोपीय संघातल्या बहुतेक देशांत तसंच चालवता येतं, कागदी लायसन्सवर काही देशांत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो १ एप्रिल २०२४ पासून पोस्टाऐवजी पेपॉइंटच्या दुकानांत मिळतो, किंमत ५.५० पौंड. कागदवाल्यांनी पासपोर्ट-आकाराच्या फोटोसोबत पासपोर्टही न्यावा. परवाने १९२६, १९४९ आणि १९६८ अशा तीन करारांचे असतात, आणि कोणत्या देशाला कोणता हे ठरलेलं आहे. १९४९ चा १२ महिने चालतो, १९६८ चा तीन वर्षांपर्यंत. देश न पाहता घेतलेला परवाना फुकट जातो.

मतदान: इंग्लंडमधल्या स्थानिक निवडणुकांत मे २०२३ पासून फोटो-ओळखपत्र लागतं, पुढे ते संसदेच्या निवडणुकीलाही लागू झालं. कागदी लायसन्स इथे चालत नाही. ज्येष्ठांचा बस पास चालतो. भारतीय नागरिकांना राष्ट्रकुलाचे म्हणून ब्रिटनमध्ये मत देता येतं, आणि भारतीय पासपोर्टही ओळखपत्र म्हणून चालतो.

या मेसेजमुळे आणखी एक गोंधळ होतो: आजी-आजोबा महाराष्ट्रातलं आरटीओचं जुनं पुस्तकी लायसन्स काढून बसतात. त्याचा या नियमांशी संबंध नाही. भारतीय लायसन्सवर, ते कागदी असो की स्मार्ट कार्ड, ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून १२ महिनेच चालवता येतं. त्याच्या बदल्यात ब्रिटिश लायसन्स मिळत नाही, परीक्षा द्यावीच लागते.

“२०३३ मध्ये सगळी रद्द”

१९ जानेवारी २०३३ ही तारीख युरोपीय संघाच्या २००६ च्या निर्देशातली आहे: तोपर्यंत सदस्य देशांनी जुनी लायसन्स नव्या नमुन्यात आणावीत. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला संघातून बाहेर पडला. ती तारीख दाखवून आजच्या आज अर्ज करायला लावणं म्हणजे लोकांना घाबरवणं.

“खालच्या लिंकवर अर्ज करा”

अजिबात नको. अशा लिंका बऱ्याचदा खासगी संकेतस्थळांवर नेतात. तिथे सत्तरीचं फुकटचं नूतनीकरणही पैसे घेऊन करून देतात, शिवाय नॅशनल इन्शुरन्स क्रमांक आणि पासपोर्टची माहिती भलत्याच हाती जाते.

स्वतःहून कार्ड घ्यायचं ठरवलं तर डी१ फॉर्म घ्या. मोठ्या पोस्ट ऑफिसांत तो मिळतो. सोबत पासपोर्ट-आकाराचा फोटो, मूळ ओळखपत्र आणि कागदी लायसन्स पाठवायचं. ओळखपत्राच्या झेरॉक्स चालत नाहीत. टपालाच्या अर्जाला साधारण तीन आठवडे धरा. मूळ पासपोर्ट पाठवणार असाल तर डिसेंबरात भारताचं तिकीट काढून नोव्हेंबरात अर्ज करू नका. अर्ज डीव्हीएलएकडे पोहोचला असेल, आधीचं लायसन्स काढून घेतलेलं नसेल आणि डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल, तर कार्ड येईपर्यंत जुन्याच हक्कांवर ब्रिटनमध्ये गाडी चालवता येते.

पाठवण्यापूर्वी कागदाच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा. १ जानेवारी १९९७ पूर्वी कारची परीक्षा दिलेल्यांना सी१, म्हणजे साडेसात टनांपर्यंतचा ट्रक, आणि डी१ (वरच्या डी१ फॉर्मशी याचा संबंध नाही), म्हणजे भाडं न घेता चालवायची मिनीबस, हे वर्ग कारबरोबरच मिळालेले असतात. कार्ड आलं की मागची बाजू झेरॉक्ससमोर धरा. सी१, डी१ आणि मोटारसायकलचा वर्ग आहे का, डी१ पुढे १०१ हा कोड आहे का (तो ‘भाड्याने नाही’ या अर्थाचा, तो असायचाच), हे एकेक करून जुळवा. एखादा वर्ग गळाला असेल तर झेरॉक्स जोडून लगेच डीव्हीएलएला लिहा. सत्तरीनंतर सी१ आणि डी१ आपोआप राहत नाहीत. ते हवे असतील तर डी४ या फॉर्मवर डॉक्टरांची तपासणी करून घ्यावी लागते आणि अर्ज डी२ वर करावा लागतो. मंडळाची मिनीबस चालवणाऱ्यांनी हे सत्तरावा वाढदिवस यायच्या दोन-तीन महिने आधीच सुरू करावं.